भीमेकाठचा स्तंभ

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर भीमा नदी लागते. नदीच्या अलीकडे हवेली तालुक्यातले पेरणे, पलीकडे शिरूर तालुक्यातले कोरेगाव भीमा. १ जानेवारी १८१८ ची लढाई झाली ती पलीकडच्या गावात. तिचे स्मारक मात्र अलीकडच्या काठावर, पेरण्याच्या हद्दीत उभे आहे. चौरस चौथरा, त्यावर ६५ फूट उंचीचा निमुळता दगडी स्तंभ, आणि चौथऱ्याच्या वर इंग्रजी व मराठी मजकुराच्या शिला. सरकारी कागद त्याला जयस्तंभ म्हणतात, तेथे येणारे लोक विजयस्तंभ. वर्षभर रस्त्यावरची वाहने त्याच्याकडे न पाहता पुढे जातात. १ जानेवारीला मात्र महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आणि बाहेरूनही लाखो माणसे तेथे मानवंदना द्यायला येतात.

हा स्तंभ ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःच्या गौरवासाठी उभारला. परकी सत्ता गेल्यावर तिची स्मारके हटवावीत की ठेवावीत, असा वाद जगभर होतो. कोरेगावच्या स्तंभाने त्या वादाला एक अवघड उदाहरण दिले आहे. येथे स्मारक हलले नाही, त्यावरचा मजकूरही बदलला नाही, तरी गेल्या शंभर वर्षांत त्याचा अर्थ जवळजवळ उलटा झाला. तो कसा झाला हे समजून घ्यायचे तर लढाईपासूनच सुरुवात करावी लागते, कारण आजच्या वादातली निम्मी वाक्ये लढाईच्या अर्धवट माहितीवर उभी आहेत.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकी आणि येरवडा येथे हार झाल्यावर दुसरा बाजीराव पुणे सोडून साताऱ्याकडे गेला. कंपनीच्या जनरल स्मिथची फौज त्याच्या पाठलागावर होती. डिसेंबरच्या अखेरीस बाजीराव पुन्हा पुण्याच्या दिशेने वळला, तेव्हा पुण्यातला कंपनीचा अधिकारी कर्नल बर याने शिरूरच्या छावणीकडे कुमक मागितली. कॅप्टन फ्रान्सिस स्टॉन्टन ३१ डिसेंबरच्या रात्री शिरूरहून निघाला. त्याच्याबरोबर मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे ५०० शिपाई, अडीचशे-तीनशे घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याच्या २ तोफा, त्यांवरच्या २४ गोलंदाजांसह, होत्या. एकूण माणसे आठशेच्या थोडी वर. रात्रभर चालून सकाळी ही तुकडी भीमेजवळ पोहोचली तेव्हा नदीच्या पुण्याकडच्या काठावर पेशव्यांची फौज दिसली. ती २०,००० घोडदळ आणि ८,००० पायदळ एवढी असावी असा अंदाज दिला जातो. स्टॉन्टनने नदी ओलांडण्याऐवजी कोरेगावच्या गावकुसात आसरा घेतला.

अठ्ठावीस हजार विरुद्ध आठशे हा आकडा घोषणांत फार वापरला जातो. प्रत्यक्ष गावावर चालून गेल्या त्या सुमारे ६०० जणांच्या तीन तुकड्या. त्यांत अरब होते, गोसावी होते, पेशव्यांचे नेहमीचे पायदळ होते. पाठीशी घोडदळ होते, पण गल्लीबोळांतल्या लढाईत घोड्यांचा उपयोग थोडाच. तरीही कंपनीच्या शिपायांची अवस्था बिकट होती. रात्रीची चाल झालेली, दिवसभर अन्न नाही, नदी समोर असूनही पाणी नाही. तोफखान्याचा लेफ्टनंट चिझम मारला गेला. एक तोफ गेली आणि हातघाईच्या झुंजीत परत मिळवली. अंधार पडल्यावर हल्ले थांबले. स्मिथची फौज जवळ येत असल्याने पेशव्यांनी तेथून काढता पाय घेतला. स्टॉन्टन पुण्याला पोहोचलाच नाही. दुसऱ्या रात्री जखमींना घेऊन तो शिरूरला परतला. कंपनीची ठार, जखमी आणि बेपत्ता मिळून २७५ माणसे गेली. पेशव्यांकडची पाच-सहाशे पडली असा इंग्रजांचा अंदाज होता.

लढाईच्या हिशेबात हा निर्णायक विजय नव्हे. एका लहान तुकडीने दिवसभर गाव राखले आणि मोठ्या फौजेला ते घेता आले नाही, एवढे खरे. पेशवाईचा शेवट कोरेगावात झाला असे म्हणणे चुकीचे आहे. फेब्रुवारी १८१८ मध्ये सातारा पडले, त्याच महिन्यात आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले, आणि जूनमध्ये बाजीराव कंपनीचा अधिकारी जॉन माल्कमच्या स्वाधीन होऊन पेन्शन घेऊन ब्रह्मावर्ताला गेला. पण कोरेगावात काही घडलेच नाही हे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. थकलेल्या, तहानलेल्या शिपायांनी शरण न जाता दिवस काढला. कंपनीला या गोष्टीचे मोल लगेच कळले.

स्तंभाची पायाभरणी २६ मार्च १८२१ रोजी झाली. पलटणीला ग्रेनेडिअर्सचा मान मिळाला, आणि पुढे १८५१ मध्ये देण्यात आलेल्या आर्मी ऑफ इंडिया पदकावर कोरेगावची वेगळी पट्टी होती. पूर्वेकडील ब्रिटिश सैन्याच्या सर्वांत अभिमानास्पद यशांत या दिवसाची गणना करणारा मजकूर स्तंभावर कोरला गेला. ज्या मुलखातले राज्य नुकतेच बुडवले, त्या मुलखातल्या हमरस्त्यावर तो मुद्दाम उभा केला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याने मान वर करून पाहावे आणि आता सत्ता कोणाची आहे ते समजून घ्यावे, एवढाच त्याचा मूळ हेतू.

पण कंपनीने त्यावर मेलेल्या शिपायांची नावेही कोरली. साम्राज्याच्या स्मारकांवर बहुधा सेनापतींची नावे असतात. येथे साध्या शिपायांची ४९ नावे आली. त्यांतली २२ महारांची मानली जातात. ती ओळखण्याची खूण म्हणजे नावाच्या शेवटी येणारे ‘नाक’. उरलेल्यांत मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत, आणि कोकणातल्या बेने इस्रायल समाजातलेही नाव आहे. १८२४ मध्ये स्तंभाची देखरेख ज्याच्याकडे सोपवली तो खंडोजी गाजोजी हा लढाईत जखमी झालेला मराठा जमादार होता. कंपनीची पलटण एका जातीची नव्हती आणि पेशव्यांची फौजही एका जातीची नव्हती. ‘महार विरुद्ध ब्राह्मण’ अशी सरळ रेघ लढाईच्या दिवशी कोणी आखलेली नव्हती, हे या नावांवरूनच दिसते. तरीही महारांची नावे सर्वांत जास्त आहेत, आणि पुढचा सगळा इतिहास त्या नावांनी घडवला.

महारांचे सैनिकी काम कंपनीच्या आधीचे. गड-किल्ल्यांच्या घेऱ्यात त्यांच्याकडे चौकी-पहारा असे. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिदनाक महार पेशव्यांच्या बाजूने लढल्याची आठवण परंपरेने जपली आहे. छावणीत इतर सरदारांच्या तंबूंत त्याचा तंबू असल्याची तक्रार झाल्याचेही त्याच परंपरेत सांगितले जाते. तलवार चालवायला चालणारा माणूस शेजारी नको, अशी ती व्यवस्था होती. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्यांवर घातलेल्या बंधनांविषयी, गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू यांविषयी, बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या निबंधात लिहिले. त्या विशिष्ट चालीच्या पुराव्यांवर इतिहासकार वाद घालतात. अस्पृश्यतेच्या कठोरपणावर वाद घालायला मात्र फारशी जागा नाही. कंपनीच्या पलटणीत पगार होता, पोशाख होता, पुढे पेन्शन होती, आणि पलटणीच्या शाळांमुळे मुलांना अक्षरओळख होत होती. गावकीत जे मिळणे अशक्य होते ते छावणीत थोडेफार मिळत होते. महार मोठ्या संख्येने मुंबई इलाख्याच्या सैन्यात गेले ते यासाठी.

त्यांनी परक्यांसाठी आपल्यांविरुद्ध शस्त्र धरले, हा आरोप आजही केला जातो. तो १८१८ च्या काळाला विसाव्या शतकाचा पोशाख चढवून केलेला आरोप आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह करून कंपनीची फौज पोसायचे मान्य केले ते खुद्द दुसऱ्या बाजीरावाने, आणि पुढच्या वर्षी त्याला पुण्याच्या गादीवर परत बसवले ते आर्थर वेलस्लीच्या सैन्याच्या जोरावर. स्टॉन्टन शिरूरहून निघाला त्या रात्री त्या तहाला बरोबर १५ वर्षे होत होती. नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले ते कंपनीला मिळालेल्या बाळाजीपंत नातूंच्या हातून. सरदार, सावकार, कारकून, शिपाई या सगळ्या थरांतले लोक कंपनीच्या बाजूला गेले होते. त्यांतल्या सर्वांत कमी पगाराच्या आणि सर्वांत कमी पर्याय असलेल्या माणसांवर राष्ट्रद्रोहाचा शिक्का मारणे हा अन्याय आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच इंग्रजांनी महारांना पाठ दाखवली. १८५७ नंतर ‘लढाऊ जमाती’ची कल्पना बळावली. काही जाती जन्मजात लढवय्या आणि काही नाहीत असे ठरवून पंजाब, नेपाळ आणि सरहद्दीवरच्या लोकांना पसंती मिळू लागली. सवर्ण शिपायांना अस्पृश्यांबरोबर राहणे नको होते, हेही कारण होते. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते, आणि खुद्द आंबेडकर १८९१ मध्ये महूच्या छावणीत जन्मले. म्हणजे ज्या दाराने एक पिढी शिकली-सवरली, ते दार पुढच्या पिढीच्या तोंडावर लावले गेले.

येथून स्तंभाचे दुसरे आयुष्य सुरू होते. निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९० च्या दशकात भरतीसाठी अर्ज तयार केला. त्यांच्या मागून पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी गावोगावच्या महारांना एकत्र करून सरकारकडे निवेदने पाठवली. १९१० मधले निवेदन थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे गेले. या अर्जांत मागणी एकच, की सैन्यात आणि पोलिसांत आम्हाला परत घ्या, आम्ही तुमच्यासाठी रक्त सांडले आहे. त्या दाव्याला पुरावा हवा होता, आणि तो कोरेगावच्या शिळेवर खुद्द सरकारने कोरून ठेवला होता. सरकारची शिळा सरकारलाच नाकारता येईना. कांबळे यांनी स्तंभाजवळ सभा भरवायला सुरुवात केली. दुर्लक्षित पडलेले विजयचिन्ह आता एका वंचित समाजाच्या हातातला दस्तऐवज झाले.

पहिल्या महायुद्धात गरज लागली तेव्हा सरकारने १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. या जखमेवर खपली धरलेली नसताना १ जानेवारी १९२७ रोजी कांबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरवलेल्या सभेला आंबेडकर स्तंभापाशी आले. चरित्रकारांनी त्यांच्या भाषणाचा जो आशय दिला आहे तो आज मुद्दाम लक्षात घेण्यासारखा आहे. महार इंग्रजांच्या बाजूने लढले यात मिरवण्यासारखे काही आहे असे ते म्हणाले नाहीत. सवर्णांनी अस्पृश्य ठरवून जगण्याचे सगळे मार्ग बंद केल्यामुळे त्यांच्यावर ही वेळ आली, असे त्यांनी सांगितले. ज्यांच्यासाठी हे लोक लढले त्या इंग्रजांनी नंतर त्यांना बिगरलढाऊ ठरवून कृतघ्नपणा केला, असेही सुनावले, आणि भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून चळवळ करण्याचे आवाहन केले. स्तंभाच्या सावलीत उभे राहून एकाच भाषणात पेशवाईच्या समाजव्यवस्थेला आणि स्तंभ उभारणाऱ्या सत्तेला जाब विचारला गेला.

याच वर्षी मार्चमध्ये महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि डिसेंबरमध्ये तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले. महाडच्या परिषदेत निवृत्त सैनिक मोठ्या संख्येने होते. त्यामुळे १ जानेवारीची सभा ही त्या वर्षाच्या उठावाची पहिली पायरी म्हणून पाहायला हवी. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, महार रेजिमेंट स्थापन झाली. तिच्या पहिल्या बोधचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो काढला गेला. रेजिमेंट भारतीय सैन्यात आजही आहे.

१९५६ च्या धर्मांतरानंतर आणि आंबेडकरांच्या निधनानंतर बौद्ध समाजाचे स्वतःचे एक पंचांग घडत गेले. १४ एप्रिल, नागपूरची दीक्षाभूमी, ६ डिसेंबरची चैत्यभूमी, महाडचे तळे. त्यात १ जानेवारीचे कोरेगाव हळूहळू पक्के बसले. आरंभी हजारांत असलेली गर्दी नव्वदच्या दशकानंतर वाढत लाखांवर गेली. समता सैनिक दलाची कवायत, निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, शाहिरी जलसे, कडेवरची मुले, आणि ज्यांचे आजोबा-पणजोबा सैन्यात होते अशी कुटुंबे. येथे लोक कंपनीचा जयजयकार करायला येत नाहीत. ज्यांना माणूस म्हणून मोजले जात नव्हते त्यांची नावे एका उंच दगडावर कोरलेली आहेत, आणि ती आपल्या माणसांची आहेत, हे पाहायला ते येतात. आपल्या पूर्वजांच्या नावाचे दुसरे सार्वजनिक स्मारक ज्या समाजाच्या वाट्याला क्वचितच आले, त्याने एका परक्या सत्तेच्या शिळेत ते शोधले असेल, तर दोष इतरांनी उभारलेल्या आणि न उभारलेल्या स्मारकांचा आहे.

इतिहासाच्या अभ्यासकांतही या स्मृतीविषयी एकमत नाही. श्रद्धा कुंभोजकर यांनी २०१२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त या स्मारकाच्या बदलत्या अर्थांचा मागोवा घेतला. आनंद तेलतुंबडे यांनी २०१८ च्या सुरुवातीला, ही लढाई महारांनी जातिव्यवस्थेविरुद्ध केलेला लढा होता हे मिथक आहे असे लिहिले, तेव्हा आंबेडकरी वर्तुळातून त्यांच्यावर टीका झाली. तेलतुंबड्यांचा मुद्दा १८१८ पुरता बरोबर आहे. त्या दिवशीच्या शिपायांनी जातिअंताची प्रतिज्ञा केली नव्हती. ते पगारी सैनिक होते. पण १९२७ नंतर त्या जागी जे उभे राहिले ते मिथक म्हणून बाजूला ठेवता येत नाही. ती जातिअंताची चळवळच आहे, आणि तिचीही आता शंभरीकडे वाटचाल झाली आहे. लढाईचा इतिहास आणि लढाईच्या आठवणीचा इतिहास हे दोन वेगळे इतिहास आहेत. पहिल्याने दुसरा रद्द होत नाही, आणि दुसऱ्यासाठी पहिला बदलण्याचीही गरज नाही.

२०१८ मध्ये लढाईला २०० वर्षे पूर्ण होत होती. त्याआधीचा तणाव स्तंभापाशी नव्हे, जवळच्या वढू बुद्रुकला सुरू झाला. संभाजीराजांची समाधी तेथे आहे. १६८९ मध्ये औरंगजेबाने त्यांची हत्या केल्यावर अंत्यसंस्कार कोणी केले याच्या दोन आठवणी आहेत. एकीत गोविंद गोपाळ महार आहेत, दुसरीत गावातले मराठा घराणे. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस गोविंद गोपाळ यांच्याविषयीच्या फलकावरून तेथे वाद पेटला. ३१ डिसेंबरला पुण्यात शनिवारवाड्यासमोर एल्गार परिषद झाली. १ जानेवारीला स्तंभाकडे येणाऱ्यांवर दगडफेक झाली, जाळपोळ झाली, वाहने फुटली, आणि एका तरुणाचा जीव गेला. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. दुसऱ्या बाजूने एल्गार परिषदेतून हिंसा भडकली या आरोपावरून पुणे पोलिसांनी अटकसत्र सुरू केले, २०२० मध्ये तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला, आणि देशभरातले १६ वकील, लेखक, अध्यापक, कलावंत व कार्यकर्ते तुरुंगात गेले. तेलतुंबडे त्यांच्यातले एक. फादर स्टॅन स्वामी यांचे कोठडीत असतानाच जुलै २०२१ मध्ये निधन झाले. स्तंभाच्या आठवणीला या घटनेने आणखी एक थर दिला. तेव्हापासून १ जानेवारीला मोठा पोलीस बंदोबस्त आणि वाहतुकीची स्वतंत्र व्यवस्था असते, आणि लोक पूर्वीहून अधिक येतात.

परक्या सत्तेच्या इतर स्मारकांचे काय झाले हे पाहिले की कोरेगावचे वेगळेपण दिसते. मुंबईतला राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिला होता. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी त्याला डांबर फासले, आणि स्वातंत्र्यानंतर तो मूळ जागेवरून हलून भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात गेला. पणजीत आझाद मैदानावरच्या ज्या मंडपात आल्बुकर्कचा पुतळा होता, तेथे आता गोव्याचे स्वातंत्र्यसेनानी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचे स्मारक आहे. पोर्तुगीज सेनानी संग्रहालयात गेला. दिल्लीत १८५७ चे बंड मोडल्याबद्दल इंग्रजांनी उभारलेला मनोरा जागेवरच ठेवून १९७२ मध्ये त्याचे नाव अजितगढ केले गेले, आणि मूळ लेखात ज्यांना शत्रू म्हटले ते स्वातंत्र्यासाठी लढलेले हुतात्मे होते असे सांगणारी नवी पाटी लावली. हे तिन्ही निर्णय सत्तेवर असलेल्यांनी घेतले. पेरण्याला अर्थ बदलला तो कोणत्याही सरकारी ठरावाविना, दरवर्षी पायपीट करून येणाऱ्या माणसांनी. म्हणून स्तंभ हटवण्याची भाषा तेथे वसाहतवादाविरुद्धची ठरत नाही. ती त्या माणसांना त्यांच्या आठवणीतून हाकलण्याची ठरते.

अजितगढच्या पाटीतून घेण्यासारखे मात्र काही आहे. कोरेगावचा मूळ लेख कंपनीच्या भाषेत बोलतो. त्याला हात न लावता शेजारी स्वच्छ मराठीत आणखी एक लेख लावता येईल. त्यात सगळी ४९ नावे वाचता येतील अशा अक्षरांत असावीत, महारांची आणि त्यांच्याबरोबर पडलेल्या मराठा, राजपूत, मुसलमान, बेने इस्रायल शिपायांचीही. पेशव्यांच्या बाजूने लढलेल्या अरब, गोसावी आणि मराठी पायदळाची नोंद असावी. त्यांची नावे या स्मारकावर नाहीत, तेव्हा निदान संख्या असावी. वसईचा तह, १८९२ ची भरतीबंदी, कांबळ्यांचे अर्ज, १९२७ ची सभा आणि २०१८ चा हिंसाचार ही पुढची वर्षेही त्यात यावीत. शाळेच्या सहली रायगडावर आणि शनिवारवाड्यात जातात तशा पेरण्यालाही याव्यात, आणि पेरणे, कोरेगाव, वढू, सणसवाडी या गावांतली मुले त्यांत पहिली असावीत. ती नावे त्यांच्याही मुलखातल्या माणसांची आहेत.